चिवट मोठा की मरतुकडा

माणसाला थकायला काही डोंगर चढावे लागत नाहीत. एक खुर्ची, एक खिडकी आणि हातात दोन सुया, एवढं पुरतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार प्लंबर त्या खुर्चीत चार-चार तास बसायचा, आणि शेजारचं मशीन त्याचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडायचं. जन्मभर त्यानं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या होत्या. आता त्याची स्वतःचीच मोरी तुंबली होती आणि ती मोकळी करायला अख्खं हॉस्पिटल राबत होतं. हा विनोद त्यानं पहिल्या महिन्यात इतक्यांदा केला की पुढेपुढे सिस्टरच तो त्याच्या आधी पूर्ण करायला लागली. मग त्यानं सोडून दिला. विनोद करायलाही अंगात दम लागतो हो, आणि तो सगळा त्या मशीननं शोषून घेतलेला असायचा.

डायलिसिसच्या त्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. बाकीची मंडळी सुया लागल्या की पांघरूण ओढून झोपायची. जागे असायचे ते दोघंच. एक आपला प्लंबर, आणि दुसरा त्याच्या शेजारी, खिडकीच्या अंगाला बसणारा टेलर.

टेलर काडीसारखा बारीक, पण कपडे बघावेत तर नवरदेवाचे. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्या शर्टाची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत टिचबटणांची. सुया लावायच्या वेळी टक्-टक् करून बाही उघडायची, काम झालं की टक्-टक् करून बंद. बाह्या वर सारून सारून सगळ्यांच्या दंडाला वळ पडायचे, ते बघून त्यानं हे डोकं चालवलं होतं. तसलाच एक शर्ट त्यानं प्लंबरलाही शिवून दिला होता. माप न घेता. "तीन महिने शेजारी बसून बघतोय तुला, आणखी माप कशाला," म्हणाला होता.

एरवी मात्र दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्याचं कारण भिंतीवरचा टीव्ही.

तीन वर्षांपूर्वी, प्लंबर पहिल्यांदा त्या खुर्चीत बसला त्या दिवशी, टीव्हीवर आवाज बंद करून एक जुना सिनेमा चालू होता. टेलर आपला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "जगातला सगळ्यात मोठा नट." प्लंबर सुयांनी वैतागला होता. तो म्हणाला, "हा? हा मरतुकडा?"

झालं. तिथून जी जुंपली ती जुंपलीच.

मरतुकडा हे नाव प्लंबरनं ठेवलं, कारण टेलरचा हिरो जवळजवळ प्रत्येक सिनेमात मरायचा. कधी खोकून खोकून, कधी गोळी लागून, कधी विष पिऊन, आणि एकदा तर नुसत्या दुःखानं. प्लंबरचा हिरो याच्या अगदी उलट. त्याच्या अंगावर पूल कोसळला, त्याला पुरात लोटलं, त्याच्यासकट घर पेटवलं, तरी पठ्ठ्या शेवटच्या पाच मिनिटांत पँट झटकत हजर. पडलो तरी नाक वर. त्याचं नाव टेलरनं ठेवलं, चिवट.

"अभिनय म्हणजे काय?" टेलर विचारायचा. "जे आपल्याला झालेलं नाही ते झालंय असं दाखवणं. सगळ्यात अवघड काय? मेलेलं दाखवणं. तुझा चिवट मरत का नाही माहितेय? येत नाही त्याला मरता. येत असतं तर एकदा तरी मेला असता की."

"मरायला काय अक्कल लागते? डोळे मिटायचे, मान टाकायची, दिग्दर्शक हाक मारेपर्यंत पडून राहायचं. आमचा मुकादम रोज दुपारी हेच करायचा. मार खाऊन उठायचं, घरी जायचं आणि 'जेवायला वाढ' म्हणायचं, हे खरं वाटलं पाहिजे. ते करून दाखव म्हणावं तुझ्या मरतुकड्याला."

"जेवायला वाढ म्हणायला नट कशाला, तूही म्हणतोस की."

"म्हणतो. आणि सूनबाई विचारते, बाबा, बरं नाही का? म्हणजे मला जमत नाही. चिवटाला जमतं."

सगळीकडून कोंडी झाली की टेलर आपला हुकमाचा एक्का काढायचा. स्टेशनच्या वेटिंग रूममधलं मरण. मरतुकडा त्या सिनेमात हमाल असतो. थंडीच्या रात्री वेटिंग रूमच्या बाकावर पडल्या पडल्या जातो, आणि त्याची बायको, तो झोपलाय असं समजून, त्याच्याशी घरच्या गोष्टी बोलत बसते. "खरोखरीची माशी आली, नळ्या," टेलर सांगायचा. प्लंबरला तो नळ्याच म्हणायचा. "बसली त्याच्या गालावर. चालत चालत डोळ्यापर्यंत गेली. पापणी हलली नाही! माशीला ठाऊक नव्हतं हा नट आहे. तिला तो मेलेलाच वाटला."

"माशीला गूळ आणि शेण सारखंच वाटतं," प्लंबर म्हणायचा. पण त्या सिनेमापुढे तो जरा नरमच पडायचा, कारण शेवट त्यानं पाहिलेलाच नव्हता. तरुणपणी गेला होता बघायला. पण हा मरणार हे पोस्टरवरच कळत होतं, मग उगीच बसून काय करायचं, म्हणून शेवटाआधी उठून आला होता. हे त्यानं टेलरला तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. आपलं झाकलेलं बरं.

या भांडणाचा खरा उपयोग शोधून काढला तो सिस्टरनं. टेलरचं रक्तदाब-प्रकरण नाजूक. तिसरा तास लागला की प्रेशर उतरायला लागायचं, ओठ पांढरे पडायचे, मग धावाधाव, सलाईन. पण सिस्टरच्या लक्षात आलं की ज्या दिवशी ही दोन म्हातारी कचाकचा भांडतात, त्या दिवशी प्रेशर उतरत नाही. मग काय, आकडा खाली यायला लागला की ती लांबूनच हाक द्यायची, "प्लंबरकाका, बोला काहीतरी!"

आणि प्लंबर तयारच. "मरतुकड्याची मिशी खोटी होती. रडताना सुटायची, म्हणून तो सारखा खाली मान घालायचा. लोकांना वाटायचं, वा, काय दुःख आहे!"

टेलरच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कान लाल व्हायचे. "मिशी? अरे, मिशी होती कुठे त्याला? आंधळा आहेस का तू?" आणि सिस्टर स्क्रीनकडे बघत म्हणायची, "बास काका, चढलं."

डॉक्टरांनी एकदा विचारलं, यांना तिसऱ्या तासाला काय देता? सिस्टर म्हणाली, शेजारच्या खुर्चीतलं.

असं चाललं होतं. बरं चाललं होतं असं म्हणवत नाही, पण चाललं होतं. प्लंबरला रविवार खायला उठायचा. संध्याकाळी पाय सुजायचे, जीभ कोरडी पडायची, सुनेनं मापानं दिलेलं पेलाभर पाणी घोट घोट पुरवावं लागायचं, आणि मनात यायचं, उद्या पुन्हा त्या सुया, कशासाठी? मग तो सोमवारसाठी मरतुकड्यावर काहीतरी नवीन शोधत बसायचा. शोधता शोधता झोप लागायची.

आणि त्या शुक्रवारी टेलरच्या मुलीनं त्याला बाहेर दारापाशी गाठलं. दुकान आता तीच बघायची. गळ्यात अजून मापाची टेप तशीच होती, काढायचं भान नव्हतं पोरीला.

"काका, एक सांगू का? बाबा म्हणतात, आता पुरे."

"काय पुरे?"

"हेच. येणं-जाणं, सुया, सगळं. म्हणतात, सोमवारपासून येणार नाही." तिचा आवाज चिरला. "मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. चिडत नाहीत हो ते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणतात, कापड विरलं की त्यावर टाका धरत नाही, बेटा. तुम्ही सांगा ना त्यांना."

"माझं कोण ऐकतं? तीन वर्षांत त्यानं माझं एक ऐकलेलं नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," ती म्हणाली.

प्लंबर आत आला, काट्यावर उभा राहिला, खुर्चीत बसला, बाहीची टिचबटणं उघडली. त्याला टेलरचं वाईट वाटत होतं, हे खरं. पण त्याहून आधी त्याला स्वतःची भीती वाटली, हेही तितकंच खरं. टेलर गेला की खिडकीपाशी दुसरं कुणीतरी येईल. ते माणूस भलं असेल, पांघरूण ओढून झोपेल, आणि मग हे चार तास, पुन्हा चार तास, पुन्हा चार तास, एकट्यानं काढायचे. ते आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

सुया लागेपर्यंत बोलायचं नाही हा टेलरचा नेम होता. सुया लागल्या. प्लंबरनं सुरुवात केली. "काल टीव्हीवर चिवटाचा पुराचा सिनेमा होता. पाण्यातून बाहेर येतो आणि चप्पल शोधतो. बघ! पूर येऊन गेला, माणूस चप्पल शोधतोय. याला म्हणतात नट."

"असेल," टेलर म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"तुझाच मोठा. चिवट. जा, दिला तुला."

प्लंबरनं त्याच्याकडे वळून पाहिलं. टेलर खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं; एक गच्ची होती आणि तिच्यावर पाण्याची टाकी. तीन वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते हातात आयतं पडलं होतं. जिंकल्यावर माणसाला काहीतरी वाटायला हवं. प्लंबरला वाटलं, आपल्या खुर्चीखालची फरशीच कुणीतरी काढून नेली.

"असं कसं दिला? भांडून घेईन मी."

"दमलो रे," टेलर म्हणाला. एवढंच.

तिसऱ्या तासाला प्रेशर उतरायला लागलं. सिस्टरनं हाक दिली, "प्लंबरकाका!" प्लंबरनं मरतुकड्याच्या मिशीचं काढलं, टोपाचं काढलं, चालीचं काढलं. मरतुकड्याला संवाद पाठ होत नसत म्हणून तो लवकर मरायचा, हेही सांगून झालं. टेलर हसला. पाहुण्यांच्या पोरानं बोबडं गाणं म्हटल्यावर आपण हसतो ना, तसं. कान पांढरेच राहिले. सिस्टरनं मग प्लंबरकडे बघणं सोडलं, टेलरच्या खुर्चीची पाठ खाली केली, पाय वर केले, सलाईन सोडलं. तिचे हात भराभर चालत होते. प्लंबरला उठता येत नव्हतं. त्याच्या हातातही सुया होत्याच.

बऱ्याच वेळानं टेलरच्या ओठांवर रंग आला. डोळे न उघडता तो म्हणाला, "सोमवारी येत नाही मी, नळ्या. पोरीला सांगितलंय. डॉक्टरांना सांगायचंय."

अशा वेळी माणसानं काहीतरी शहाणपणाचं बोलावं. पोरीचा विचार कर, जीवन अमूल्य आहे, असलं काहीतरी. पण खरं सांगायचं तर प्लंबरला ते पटतच नव्हतं, कारण दर रविवारी त्याच्याही मनात हेच यायचं. कुठल्या तोंडानं सांगायचं? पण पाइप फुटला की प्लंबर काय करतो? अवजारं शोधत बसत नाही. हाताला येईल ती चिंधी धरून आधी भोकावर दाबतो. प्लंबरनं तेच केलं.

"त्याची छाती हलते," तो म्हणाला.

"कुणाची?"

"मरतुकड्याची. वेटिंग रूममध्ये. मेल्यावर. बायको बोलत असते तेव्हा छाती वर-खाली होते. चांगली दोनदा."

टेलरनं डोळे उघडले. मान वळवून त्यानं प्लंबरकडे पाहिलं, आणि बघतच राहिला. प्लंबरनं नजर हलू दिली नाही.

"कधी पाहिलंस?"

"परवा."

"आणि छाती हलते?"

"हलते."

"छाती?"

"किती वेळा सांगू? छाती."

टेलर पुन्हा वर छताकडे बघायला लागला. "आणून दाखव," तो म्हणाला.

"सोमवारी आणतो."

यावर टेलर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्यानं डोळे मिटले.

शनिवारी दुपारी प्लंबरनं सुनेला विचारलं, "तुझ्या त्या फोनवर जुने सिनेमे लागतात का गं?" सून ड्युटीवरून येऊन कपड्यांच्या घड्या घालत होती. दमली होती बिचारी. पण सासऱ्यानं तीन वर्षांत पाण्याखेरीज काही मागितलेलं नव्हतं. तिनं फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला आणि सिनेमा लावून दिला. म्हणाली, दोन मिनिटं बसते. ती शेवटपर्यंत बसली. हातातली चादर अर्धी घडी घातलेली तशीच मांडीवर राहिली.

शेवट आला. वेटिंग रूम, बाक, बाकावर मरतुकडा. प्लंबर फोनच्या इतका जवळ सरकला की सून म्हणाली, बाबा, मलाही दिसू द्या. आणि प्लंबरनं पाहिलं, आणि त्याचं डोकंच बधिर झालं.

छाती कुठे होती?

मरतुकड्याच्या अंगावर कांबळं होतं. जाडजूड, करड्या रंगाचं, कडेला फाटलेलं, थेट हनुवटीपर्यंत ओढलेलं. दिसत होता तो नुसता चेहरा. छाती नाही, शर्ट नाही, काही नाही. बायको बोलत होती, सकाळी दूध नासलं, शेजारीण चाळण घेऊन गेली ती अजून दिली नाही, आणि त्या चेहऱ्यातून कधीतरी माणूस निघून गेला होता. केव्हा गेला ते कळलंच नाही. दार वाजलं नाही, काही नाही. मग माशी आली. गालावर बसली. डोळ्याच्या कडेपर्यंत चालत गेली. प्लंबरनं स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. चेहरा तसाच राहिला.

सुनेनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले. "बाबा, हा खरंच गेला का हो?"

"नाही गं. नाटक करतोय तो."

"वाटत नाही," ती म्हणाली.

प्लंबरनं तेवढाच तुकडा आणखी दोनदा लावायला सांगितला. मग फोन उपडा ठेवला. आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीतच आहे. पण जे डोळ्यांनी दिसलं त्याला नाही कसं म्हणायचं? हा मोठा होता. चिवटापेक्षाही? हो बाबा, चिवटापेक्षाही. पुलाखालून उठून आलेला चिवट आठवून आठवून पाहिला, तरी हो. फार जिवाला लागलं त्याच्या. घरातलं कुणी परकं निघाल्यासारखं वाटलं.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि त्यानं कपाळावर हात मारला. टेलरला माणसांची तोंडं आठवत नाहीत, पण कोणत्या सिनेमात कुणाच्या कोटाची कॉलर कशी होती ते आठवतं. आणि हा सिनेमा तर त्याला तोंडपाठ. कांबळं त्याला ठाऊक नसेल? प्लंबरनं 'छाती' म्हटलं त्याच क्षणी त्यानं ओळखलं असणार, हा लेकाचा थाप मारतोय. म्हणून तर पुन्हा विचारलं त्यानं. छाती? आणि आपण ठासून सांगितलं, छाती!

म्हणजे चिंधी तिथल्या तिथेच निसटली होती. आता टेलर कशाला येतोय? फार तर घरी बसून हसला असेल. रविवारी प्लंबरला मरतुकड्यावर काही नवीन सुचलं नाही. सुचलं असतं तरी कुणाला सांगायचं होतं?

सोमवारी खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

प्लंबरला सुया लागल्या. मशीन घरघरायला लागलं. सिस्टर दोनदा येऊन घड्याळ बघून गेली. "काका, बाहेर एक पेशंट थांबलेत," ती हळूच म्हणाली. "टेलरकाका नाही आले तर त्यांना घ्यावं लागेल."

"थांब गं थोडी. येईल तो."

"त्यांच्या मुलीनं फोन उचलला नाही."

"शिलाई मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल. थांब थोडी."

सिस्टर थांबली. तिलाही वरून बोलणी बसणार होती, तरी थांबली. प्लंबर दाराकडे बघत बसला आणि मनातल्या मनात टेलरला शिव्या घालत राहिला, अगदी ठेवणीतल्या. मग शिव्याही संपल्या. सिस्टर धुतलेली चादर घेऊन आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर अंथरायला लागली, त्या बाहेर थांबलेल्या माणसासाठी. प्लंबरनं तोंड भिंतीकडे केलं.

"ती चादर नीट ओढ. सुरकुती राहिली डावीकडे."

दारात टेलर उभा होता. एका हातानं भिंत धरलेली, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. कडक इस्त्रीचा शर्ट. मुलीचे डोळे सुजलेले होते, पण तिनं प्लंबरकडे पाहून मान हलवली, आणि बाहेर निघून गेली.

टेलर काट्यावर उभा राहिला. खुर्चीपर्यंत आला. बसला. टक्-टक् बाही उघडली. सिस्टरनं एक सुई लावली, दुसरी लावली. टेलरचा नेम म्हणजे नेम. तोवर चकार शब्द नाही. प्लंबरचा जीव टांगणीला लागला होता.

"आणलास?" टेलर म्हणाला.

"सुनेचा फोन... तिला ड्युटीवर लागतो."

"असू दे. मी पाहिला. पोरीनं लावून दिला काल."

प्लंबरला वाटलं, आता थापाड्या म्हणेल. म्हणू दे, आला तरी.

"हलते," टेलर म्हणाला.

"काय?"

"छाती. तू म्हणालास ते बरोबर. शर्टाचं दुसरं बटण बघ नीट. बायको दुधाचं सांगते ना, त्या वेळी हलतं. बारीक हलतं, पण हलतं. टेलरच्या नजरेतून बटण सुटायचं नाही."

प्लंबर त्याच्याकडे बघत राहिला. करडं, जाडजूड, हनुवटीपर्यंत ओढलेलं कांबळं त्याला समोर दिसत होतं. शर्टाचा धागा दिसत नव्हता तिथे, बटण कुठलं! आणि टेलर सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता. ओठ हलला नाही. भुवई हलली नाही. त्या घटकेला त्याच्या गालावर माशी येऊन बसली असती तर तिलाही काही कळलं नसतं.

प्लंबर खाकरला.

"मग हरलास," तो म्हणाला.

"हरलो कसा? एका सिनेमात हलली. बाकीच्या सिनेमांचं काय? गोळीचं आहे, विषाचं आहे, त्या नुसत्या दुःखाचं आहे. एकेक काढू आणि बघू. तुला घाई आहे?"

"मला कसली घाई?"

"मग झालं तर. बुधवारी विषाचं. नीट बघून ये, अर्ध्यातून उठून येऊ नकोस."

हे त्याला कधी कळलं होतं कोण जाणे. प्लंबरनं विचारलं नाही. टेलर काही टवटवीत वगैरे झाला नव्हता. गालफडं बसलेली होती, हात चादरीवर नुसता टाकलेला होता. प्लंबरचेही पाय ठणकत होतेच. दोघांनी मिळून खिडकीतून ती पाण्याची टाकी पाहिली. टाकीचा बॉलकॉक गेलाय, पाणी भरून वाहतंय, असं प्लंबर म्हणाला. टेलर म्हणाला, तीन वर्षं वाहतंय, आज दिसलं का तुला?

तिसऱ्या तासाला आकडा उतरायला लागला. सिस्टरनं स्क्रीनकडे पाहिलं, मग प्लंबरकडे. शुक्रवारचं तिच्याही लक्षात होतं; आवाज चढवायचा धीर होईना तिला. "प्लंबरकाका," ती अगदी हळू म्हणाली, "बोलता का काहीतरी?"

जगातला सगळ्यात मोठा नट कोण, ते प्लंबरला शनिवारी कळलं होतं. आता त्याच्याचविषयी त्याला वाईट बोलायचं होतं, बुधवारी बोलायचं होतं, शुक्रवारी बोलायचं होतं, जमेल तितके दिवस बोलायचं होतं. त्यानं मोकळ्या हातानं डोळे पुसले आणि आवाज लावला.

"कसला नट रे तुझा! जन्मभर मरायचंच काम केलं, तेही धड जमलं नाही. साधं शर्टाचं एक बटण सांभाळता येईना लेकाला!"

टेलरचे ओठ पांढरे होते. डोळे मिटलेलेच होते. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग कानाची पाळी जराशी लाल झाली.

"बटण चांगलं होतं," तो म्हणाला. "आतला माणूस श्वास घेत होता, त्याला बटण काय करणार?"

"चढतंय," सिस्टर म्हणाली. "बोलत राहा."